रेघ राहू दे, आधी खाजेचं बघ

पत्र :

डॉक्टरताई, माझं वय २३. सासर केज तालुक्यात, माहेर औसा तालुक्यात. पहिलं बाळंतपण म्हणून सातव्यातच माहेरी आले, आता आठवा सरत आलाय. माझ्या पोटावर मधोमध काळी रेघ उमटलीय. ओटी भरायला आल्या तेव्हा आत्याबाईंनी ती बघितली. रेघ बेंबीच्या वर चढली की मुलगाच होतो म्हणतात, आणि आता रोज फोनवर विचारतात, कुठवर आली. पोटाच्या खालच्या अंगाला आणि मांड्यांवर जांभळट वळ पडलेत. जाऊबाई म्हणतात, तू खाजवलंस म्हणून पडले. त्यांनीच मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. ती वळांना लावते आणि परकराच्या नाडीखाली पुरळ आलंय त्यालाही लावते. लावलं की बरं वाटतं, सोडलं की पुन्हा येतं. आई करडीचं तेल चोळते. बेंबी बाहेर आलीय. हे वळ जातील का हो? मालक आले की पोट झाकून बसते मी. बाकी काही त्रास नाही. रात्री तळहात-तळपाय तेवढे फार खाजतात, झोप लागत नाही. पण तिथं काही उठलेलं नाही, आणि ओटीभरणाला हाताला काळी मेंदी काढली होती, त्यानं असेल असं आई म्हणते. ऊनही फार आहे यंदा.

उत्तर :

तुझ्या वयाची लेक आहे मला, म्हणून 'तू'च म्हणते. "बाकी काही त्रास नाही" असं लिहून झाल्यावर तू जे लिहिलंस, तिथूनच मी सुरुवात करणार आहे. रेघ, वळ, बेंबी, ट्यूब, सगळ्यांचं सांगते, पण त्यातलं काहीच आज रात्रीत बिघडणारं नाही. तळहात-तळपायाच्या खाजेचं तसं नाही. पत्र हाती पडलं तसा तुला दवाखान्यात जायचा निरोप धाडलाच आहे. इथं सविस्तर लिहिते, कारण हाच त्रास अंगावर काढून "उन्हाळा आहे" म्हणत गप्प बसलेल्या आणखी जणी हे वाचत असतील.

शेवटच्या तीन महिन्यांत काही बायकांना लिव्हरचा एक त्रास होतो. लिव्हरमध्ये तयार होणारं पित्त पुढं आतड्यात उतरायला हवं. गरोदरपणातल्या हार्मोन्सच्या जोरामुळं काहींच्या लिव्हरमधून ते नीट वाहत नाही, आणि पित्तातली आम्लं रक्तात साठायला लागतात. त्यांची खाज सुटते. ही खाज ओळखायच्या खुणा अशा : कातडीवर पुरळ नसतं, असलेच तर नखांचे ओरखडे असतात. तळहात आणि तळपाय जास्त खाजतात, पुढं सगळं अंगही खाजू शकतं. आणि रात्री त्रास वाढतो. तू लिहिलेलं यातल्या प्रत्येक खुणेशी जुळतंय. म्हणून तुला तोच आजार आहे असं मी इथं बसून म्हणत नाही. पण तो नाही हे रक्त तपासल्याशिवाय कुणालाच म्हणता येणार नाही, मलाही नाही.

अंगावर पित्त उठतं ते हे नव्हे. त्यात लालसर गांधी दिसतात, तासा-दोन तासांत जिरतात, दुसरीकडं उठतात. आपल्याकडं त्याला आमसुलाचं पाणी लावतात. या आजारात बाहेर दिसण्यासारखं काही नसतं, आणि म्हणूनच घरातल्या कुणाला त्याचं गांभीर्य वाटत नाही. सुनेला ताप आला तर दिसतो, पायाला सूज आली तर दिसते. खाज तिची तिलाच कळते. मग रात्री फरशीवर पाय घासत बसायचं, सकाळी उठून भाकरी थापायच्या, आणि कुणी विचारलं तर "काही नाही, जरा खाजतंय" म्हणायचं. मला या सोसण्याची फार काळजी वाटते.

काळजी अशासाठी, की खाजेचा त्रास आईला होतो आणि धोका बाळाला असतो. रक्तात ही आम्लं थोडीच वाढलेली असतील तर बाळाला फारसा धोका नसतो. पण या आम्लांचा, म्हणजे बाइल अ‍ॅसिडचा आकडा १०० किंवा त्याच्या पुढं गेला तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, अशा १०० बायकांमागं साधारण ३ जणींच्या बाबतीत तसं घडतं. शिवाय दिवस भरायच्या आधी कळा सुरू होणं, बाळानं पोटातच शी करणं, हेही जास्त दिसतं. वेळेवर कळलं तर डॉक्टर रिपोर्ट आणि बाळाचे ठोके बघत राहतात, आणि गरज पडली तर ३६-३७ आठवड्यांच्या सुमाराला बाळंतपण करून घेतात. म्हणजे हातात उपाय आहे, फक्त कळायला हवं.

दवाखान्यात गेल्यावर "अंगाला खाज आहे" एवढंच म्हणू नकोस. तसं म्हटलं की एक मलम आणि एक खाजेची गोळी मिळते आणि आपण परत येतो. नीट सांग : पुरळ नाही, तळहात-तळपाय खाजतात, रात्री जास्त, झोप होत नाही, एवढ्या दिवसांपासून आहे. मग विचार की लिव्हरची तपासणी आणि बाइल अ‍ॅसिड करायचं का. लिव्हरच्या तपासणीत एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन येतं, ती तालुक्याच्या गावीही होते. बाइल अ‍ॅसिडसाठी रक्त बहुतेक बाहेर मोठ्या लॅबला पाठवावं लागतं, एक-दोन दिवस जातात. पहिला रिपोर्ट चांगला आला आणि खाज मात्र थांबली नाही, तर आठवड्यानं पुन्हा तपासायचं. खाज आधी सुरू होते आणि रक्तात मागाहून दिसतं, असं या आजारात घडतं.

तुला लातूर जवळ आहे. विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात बाळंतपणाचा आणि कातडीचा, दोन्ही विभाग एका ठिकाणी मिळतील. केजकडच्या बायकांना अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सोयीचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, पण या कामासाठी ९ तारखेची वाट बघायची नाही. आशाताईला सांग, ती गाडीचं बघेल.

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद पिवळी किंवा तांबूस झाली, शी पांढुरकी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. इथं एक गोष्ट हात जोडून सांगते. आपल्याकडं डोळे पिवळे दिसले की हातावर चुन्याचं पाणी घेऊन कावीळ उतरवायला नेतात, झाडपाल्याचं औषध देतात. गरोदर बाईला नेऊ नका. गरोदरपणातली कावीळ कधी या पित्ताच्या आजाराची असते, कधी दूषित पाण्यातून होणाऱ्या ई प्रकारच्या काविळीची असते, आणि ती दुसरी तर शेवटच्या महिन्यांत बाईच्या जिवावर बेतते. उन्हाळ्यात टँकरचं, उघड्या विहिरीचं पाणी पोटात जातं तेव्हा हे जास्त ध्यानात ठेवायला हवं. पाणी उकळून प्या. बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी झाली तर मात्र कसल्याच रिपोर्टची वाट न बघता निघायचं, रात्र असली तरी.

आता तुझ्या आईच्या मेंदीच्या शंकेचं. शंका खोटी नाही. काळ्या मेंदीच्या कोनात काळा रंग चढावा म्हणून केसांच्या कलपातलं रसायन घातलेलं असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी अनेकांना येते. पण ती अ‍ॅलर्जी नक्षीबरहुकूम उठते. जिथं वेल काढली तिथं वेलीच्याच आकाराचं लाल, पाणी भरलेलं पुरळ येतं. तुझ्या हातावर काहीच उठलेलं नाही, आणि मेंदी हाताला काढली होती, खाजतात तळपायही. त्यामुळं मेंदीवर खापर फोडून थांबू नका. पुढच्या वेळी मात्र कोन नको, पानं वाटून लावलेली लाल मेंदीच लावा.

ट्यूबचं. तू नाव लिहिलं नाहीस, पण "लावलं की बरं, सोडलं की पुन्हा" यावरून अंदाज येतो. ट्यूबवरची बारीक अक्षरं कुणाकडून तरी वाचून घे. त्यात क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असं काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरदार स्टिरॉइड अशी तिहेरी भेसळ असलेल्या ट्यूब आपल्याकडं चिठ्ठीशिवाय सर्रास विकल्या जातात आणि घरोघरी एकमेकींना दिल्या जातात. स्टिरॉइडनं लाली आणि खाज दबते म्हणून बरं वाटतं. खाली नायटा असेल तर तो दबून पसरत राहतो, त्याची गोल कडाही दिसेनाशी होते आणि मग डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातो. कातडी पातळ होते. पातळ झालेल्या कातडीवर नवे वळ पडतात, म्हणजे ज्यासाठी लावलं तेच वाढतं. जोरदार स्टिरॉइड गरोदरपणात खूप प्रमाणात वापरलं तर बाळाचं वजन कमी भरण्याशीही त्याचा संबंध दिसून आला आहे. तू थोडेच दिवस लावलं असशील तर घाबरायचं कारण नाही. लावणं थांबव. ट्यूब फेकू नकोस, पिशवीत टाकून दवाखान्यात ने आणि डॉक्टरांना दाखव. जाऊबाईंना दोष देऊ नकोस, त्यांनी मायेनं आणलीय. त्यांच्या घरी तीच ट्यूब आणखी कुणी लावत असेल तर त्यांनाही एवढं वाचून दाखव.

नाडीखालचं पुरळ दोन तऱ्हेचं असू शकतं. टाचणीच्या टोकाएवढे दाणे, घामानं वाढणारे, सावलीत-वाऱ्यावर शांत होणारे, त्या घामोळ्या. कडेनं उठलेली, मधे निवळत जाणारी, दिवसागणिक पसरणारी चकती असेल तर तो नायटा. नायट्याला साधं, स्टिरॉइड नसलेलं क्लोट्रिमाझोलचं मलम गरोदरपणातही चालतं, पण एकदा दाखवून मगच आण. नाडीखाली काळा पट्टा पडला असेल तर तो नाडीच्या दाबाचा आणि घासण्याचा. आठव्या महिन्यात नाडीचा परकर कशाला? घरी सैल सुती गाऊन घाल. साडी नेसायचीच असेल तर नाडीऐवजी रुंद पट्टी लावून घे आणि ती पोटाच्या खाली बांध. आणखी एक, जे शहरातल्या डॉक्टरांच्या लक्षात येत नाही : आपल्याकडं उन्हाळ्यात पाणी जपून वापरावं लागतं, परकर एकाच बादलीत खळबळून काढले जातात आणि नाडीच्या नेफ्यात पावडर तशीच राहते. घाम आला की ती सुटते आणि कातडी चरचरते. पावडर कमी टाका, नेफा दोनदा पिळून घ्या, परकर उलटा करून उन्हात वाळवा. टॉवेल तुझा वेगळा ठेव.

आता रेघ. आत्याबाईंनाही हे वाचून दाखव, मी त्यांचा मान ठेवूनच लिहिते आहे.

पोटाचे डावे-उजवे स्नायू जिथं मधोमध जुळतात तिथं छातीपासून ओटीपोटापर्यंत एक फिकट पट्टी प्रत्येकाच्याच पोटात असते. पुरुषांच्याही असते. गरोदरपणात हार्मोन्समुळं कातडीतला काळा रंग जागोजागी वाढतो. स्तनाग्रांभोवतीची जागा काळवंडते, काहींच्या गालांवर वांग येतो, काखा आणि मांड्यांचे सांधे गडद होतात, आणि ही पट्टी काळी पडून रेघ दिसायला लागते. आपल्या सावळ्या कातडीवर ती ठसठशीत दिसते. कुणाची बेंबीपर्यंत थांबते, कुणाची वर चढते, कुणाची बेंबीला वळसा घालून जरा तिरकी जाते, कुणाला दिसतच नाही. मुलगा होणाऱ्या आणि मुलगी होणाऱ्या, दोघींच्या पोटांवर या सगळ्या तऱ्हा दिसतात. मूल मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्या घडीलाच बापाकडून आलेल्या बीजानं ठरलेलं असतं. रेघ त्यानंतर तीन-चार-पाच महिन्यांनी उमटते, तिला त्याची वार्ता नसते. बाळंतपणानंतर काही महिन्यांत ती आपोआप फिकी पडते. लिंबू, सोडा, घासणी असलं काही लावून ती काढायला जाऊ नकोस.

डोहाळजेवणात वाटीखाली पेढा आणि बर्फी झाकून ठेवतात, सगळ्या हसतात, आणि ती दुपार संपली की खेळ संपतो. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण रोज फोन करून रेघ कुठवर आली विचारणं हा खेळ राहिलेला नाही. ज्या पोरीला रात्रभर झोप नाही, तिला दर सकाळी तिच्या पोटाचा हिशोब द्यावा लागतो. आत्याबाई, तुमच्याच बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षांच्या मुलांमध्ये १,००० मुलग्यांमागं ८०७ मुली निघाल्या होत्या. गर्भलिंग तपासणीला बंदी करणारा कायदा महाराष्ट्रानं १९८८ सालीच केला, देशाचा १९९४ साली झाला, आणि तरी ही गत. त्या मुली कुठं गेल्या हे तुम्हा-आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. रेघ बघणारी प्रत्येक सासू तसली नसते, तुम्हीही नाही, याची मला खात्री आहे. पण मुलगाच हवा हे सुनेच्या मनावर रोज कोरलं जातं ते अशाच लहानसहान विचारण्यातून. उद्यापासून फोन करा, जरूर करा, आणि विचारा, "झोप लागली का? बाळ फिरतंय का? रिपोर्ट आला का?" सुनेला ते आयुष्यभर आठवेल.

वळांचं आता. ते खाजवल्यानं पडत नाहीत. उलट आहे : कातडी ताणली जाते, आतला चिवट थर जागोजागी फाटतो, म्हणून वळ पडतात, आणि ताणानं नि कोरडेपणानं तिथं थोडी खाज येते. सहाव्या-सातव्या महिन्यापासून ते दिसायला लागतात आणि निम्म्याहून जास्त बायकांना कमी-अधिक येतातच. कमी वयात पहिलं गरोदरपण असेल, जुळं असेल, वजन भराभर वाढलं असेल तर जास्त. सगळ्यात मोठा वाटा घराण्याचा. तुझ्या आईला विचार, तिच्याही पोटावर असतील. आज ते जांभळट दिसतात, बाळंतपणानंतर सहा महिने-वर्षभरात रंग उतरून पांढुरके, चपटे होतील. पुसून मात्र जाणार नाहीत. ते पूर्ण जातील असं सांगणारी जाहिरात खोटी आहे, हे स्पष्टच सांगते.

तेलानं किंवा महागड्या क्रीमनं वळ यायचे थांबतात असंही तपासण्यांमध्ये दिसलेलं नाही. तरी आईला करडीचं तेल लावू दे. बोअरच्या खाऱ्या, जड पाण्यानं कातडी आधीच रखरखीत झालेली असते. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल लावलं की कोरडेपणाची खाज खरंच कमी होते. खोबरेलही चालेल. साबण रोज सगळ्या अंगाला नको. फक्त हात हलका ठेवायला सांग. पोट जोरात चोळून घेणं, बाळ सरळ करायला कुणा म्हातारीकडून पोट फिरवून घेणं, हे अजिबात नको. त्यानं वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो. वळांवर ट्रेटिनॉइनचं मलम मिळतं, ते गरोदरपणात वर्ज्य, आणि अंगावर पाजत असतानाही विचारल्याशिवाय नको.

एक भीती मला वाटते म्हणून विचारते. वळ वाढतील किंवा बाळ मोठं होऊन बाळंतपण अवघड जाईल म्हणून तू जेवण तर तोडलं नाहीस ना? आपल्याकडं काही घरांत हे सांगतात. ऐकू नकोस. दोन वेळा पोटभर जेव, डाळ, शेंगदाणे, हिरवी भाजी, चालत असेल तर अंडं. लोहाच्या गोळीनं शी काळी होते, बाळ काळं होत नाही. गोळी चुकवू नकोस.

मालकांपुढं पोट झाकून बसतेस, हे वाचून वाईट वाटलं. पण तुझं चुकतंय असं नाही म्हणणार. शरीर इतक्या भराभर बदललं की आपलं आपल्यालाच परकं वाटतं. एवढंच कर. पुढच्या वेळी ते आले की तूच त्यांना सांग, पोटावर असं असं झालंय आणि मला त्याची लाज वाटते. बहुतेक नवऱ्यांना हे ठाऊकच नसतं, आपण का दूर सरकतो ते कळत नाही, आणि त्यांचं ते अवघडलेपण आपल्याला नाराजी वाटतं. दवाखान्यात जाताना त्यांना बरोबर घे. डॉक्टर टेपनं पोटाची उंची मोजतात, ठोके ऐकवतात, तेव्हा ते तिथं असू देत. एकदा पोट असं दिव्याखाली, कामाच्या नजरेनं बघितलं गेलं की झाकाझाकीची गरज पुष्कळ कमी होते. आणि समज, त्यांनी वळांवरून काही वाईट शब्द काढलाच, तर ती त्यांना शिकवायची गोष्ट आहे, तुझ्या कातडीचा दोष नाही.

बेंबी बाहेर येणं या महिन्यात अगदी साधं आहे, बाळंतपणानंतर बहुतेकींची आत जाते. ती टणक झाली, दुखायला लागली, लाल-निळी पडली, दाबून आत जाईना आणि उलट्या होऊ लागल्या, तर मात्र हर्निया अडकल्याची शक्यता असते, थांबायचं नाही. कपड्याला घासून हुळहुळत असेल तर वर मऊ सुती कापडाची घडी ठेव. नाणं ठेवून पट्टीनं आवळायचं नाही.

वाचणाऱ्या बाकीच्या बायकांसाठी दोन ओळी. वळांमध्येच लाल, खाजरे उंचवटे उठले आणि बेंबीभोवतीची जागा कोरी राहिली, तर तो पहिलटकरणींना शेवटच्या महिन्यांत होणारा एक त्रासदायक पण निरुपद्रवी प्रकार असतो, बाळाला धोका नसतो, बाळंतपणानंतर काही आठवड्यांत जातो. याउलट खाज बेंबीपासूनच सुरू झाली आणि पाण्याचे मोठे फोड आले, तर तो क्वचित होणारा वेगळा आजार आहे, कातडीच्या डॉक्टरला लगेच दाखवा. घरात एकापेक्षा जास्त जणांना रात्री बोटांच्या बेचक्यांत, बेंबीभोवती खाज असेल तर खरूज समजा आणि सगळ्या घरानं एकाच वेळी औषध लावा. आणि तापाबरोबर पाण्याचे फोड आले तर कांजिण्या असू शकतात. गरोदरपणात "देवी आल्यात" म्हणून घरी ठेवून चालत नाही.

रिपोर्टात पित्ताचा आजार निघालाच, तर डॉक्टर गोळ्या देतील, रक्त पुन्हा पुन्हा तपासतील, बाळंतपणाची तारीख अलीकडं घेतील. म्हणजे ते दवाखान्यातच व्हायला हवं, रक्ताची आणि बाळाच्या डॉक्टरची सोय असेल तिथं. गाडीसाठी १०२ किंवा १०८ लावायचा, दोन्ही नंबर आईच्या आणि तुझ्या फोनमध्ये आत्ताच घालून ठेव. बाळंतपणानंतर खाज लवकरच थांबते, तरी दीड महिन्यानं लिव्हरची तपासणी पुन्हा करून घे. पुढच्या खेपेला हा त्रास परत होण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा पहिल्याच तपासणीला सांगायचं. पाळणा लांबवायला सरकारी दवाखान्यातून माला-एन देतात, तिच्यात ज्या हार्मोनमुळं हा त्रास वाढतो ते असतं, म्हणून ती घेण्याआधी हा आजार झाला होता हे सांगायला हवं. तेव्हा आजाराचं नाव आणि आकडे डॉक्टरांकडून तुझ्या माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घे, आणि बाळंतपणानंतर ते कार्ड माहेरी विसरू नकोस, सासरी बरोबर ने.